संग्रहालयाच्या मागच्या दाराने



आपल्या इंदापूर-बारामतीच्या मुलखाला दोन नद्यांचा शेजार आहे. वरच्या अंगाला भीमा आणि खालच्या अंगाला नीरा. या भीमेच्या खोऱ्यातल्या माशांची मराठी नावे विलायतेच्या शास्त्रीय ग्रंथांत जाऊन बसली, त्याला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. ही हकीकत आपल्यापैकी थोड्यांच्याच कानांवर असेल, म्हणून आजच्या विषयाला तिथूनच हात घालतो.

पेशवाई बुडाली आणि कंपनी सरकारला नव्या मुलखाची मोजदाद हवीशी झाली. १८२४ साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनच्या या कामावर नेमले. हा गृहस्थ खडकीच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने लढलेला. पीकपाणी, शेतसारा, माणसे, गुरे, हवामान यांचे आकडे जमवता जमवता त्याने पशू, पक्षी आणि मासेही जमवले. पशुपक्ष्यांच्या याद्या १८३१-३२ साली लंडनमध्ये छापून निघाल्या आणि काही वर्षांनी माशांचीही निघाली. आपण ज्याला कोळसुंदा म्हणतो त्या रानकुत्र्याला साइक्सने दख्खनचेच नाव लावले. ओढ्याच्या काठी मान आखडून बसणारी ढोकरी शास्त्राच्या दप्तरी प्रथम चढवली ती त्यानेच. माशांच्या बाबतीत तर त्याने कित्येक ठिकाणी नवी नावे शोधण्याची तसदीसुद्धा घेतली नाही. खुद्री, कोळस, नुक्टा, मुसळा, पोटेल, शिंगाळा, गोंगवरी, अशी काठावरच्या माणसांच्या तोंडची नावे त्याने जशी ऐकली तशी रोमन अक्षरांत उतरवली आणि पुढे लॅटिन आडनाव असावे तशी गणाची नावे लावली. जपानचा मत्स्यशास्त्रज्ञ असो की ब्राझीलचा, तो आज त्यांतल्या बहुतेक माशांना याच नावांनी ओळखतो. नदीकाठच्या भोई-कोळ्यांनी त्या परक्या साहेबाला जाळ्यातला मासा हातात धरून सांगितलेला शब्द असा जगभर फिरला. ग्रंथावर नाव मात्र साइक्सचे, आणि ते रीतीला धरूनच आहे.

आता यात एक खोच आहे. साइक्सने ज्या माशांवरून ही वर्णने लिहिली, त्यांतल्या कित्येकांचे मूळ नमुने आज जगातल्या कोणत्याही संग्रहालयाच्या नोंदीत सापडत नाहीत. वर्णन उरले, चित्रे उरली, नाव उरले, मासा गेला. तुम्ही म्हणाल, एका मेलेल्या माशाचे एवढे काय? सराफाच्या पेढीवर वजनाबद्दल तक्रार निघाली तर सरकारी शिक्क्याच्या प्रमाण वजनाशी ताडून पाहतात. ते प्रमाण वजनच हरवले तर तक्रारीचा निकाल कशावर लावायचा? शास्त्रातही तसेच आहे. पुढे कोणी म्हणाला की ही खुद्री नव्हे, दुसरीच जात, तर ज्या माशावरून नाव पडले तो मासा काढून समोर ठेवावा लागतो. तो ठेवायचा कोणी, कशात, किती वर्षे, आणि त्यावर पाळत ठेवायची कोणी, हा आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. साखर कामगारांच्या संघटनेत आमचा जन्म गेला, आणि जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या कृपेने व रात्रपाळीच्या उसंतीत. पण या धंद्यामुळे एक खोड लागली. झळझळीत पांढऱ्या साखरेचे पोते पाहिले की आमचे मन चुन्याच्या आणि गंधकाच्या खात्याकडे धावते; तिथे कोण उभा होता, त्याच्या डोळ्यांची काय दशा झाली, हे आधी आठवते. मुंबईच्या संग्रहालयात काचेमागचा बिबळ्या पाहून शाळेची मुले आ वासतात. आमच्या मनात प्रश्न येतो तो असा, की याला पेंढा कोणी भरला, आणि त्याचे हात कसे होते?

मुंबईत या कामाचा पाया घातला गेला १५ सप्टेंबर १८८३ रोजी. त्या दिवशी आठ नागरिकांनी जमून मुंबईची निसर्गेतिहास संस्था, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, स्थापन केली. सहा जण युरोपीय होते. उरलेले दोघे आपले मराठी डॉक्टर, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. प्रार्थना समाजाच्या इतिहासात पहिल्यांचे नाव आहे. दुसरे म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. त्यांनी संस्था जेमतेम दोन वर्षे पाहिली. १८८५ साली ते वारले. सभासद शिकारीत, फिरतीत जे काही मिळे ते आणीत, दाखवीत आणि ठेवायला जागा शोधीत. जागा दिली हर्बर्ट फिप्सन या दारूच्या व्यापाऱ्याने, आपल्या दुकानाच्या इमारतीत. एका बाजूला विलायती मद्याचे बुधले आणि दुसऱ्या बाजूला मद्यार्कात बुडवलेले साप-बेडूक, असा तो शेजार होता! तिथे चिटणिसाच्या खुर्चीमागे एक जिवंत धनेश पक्षीही राहत असे. कारवारकडून १८९४ साली आलेला हा ‘विल्यम’ १९२० पर्यंत जगला आणि संस्थेचे बोधचिन्हच होऊन बसला.

पण संग्रह म्हणजे हौस नव्हे. हौशी शिकाऱ्याने काय साधते ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यात पाहा. नगरकडच्या माळांवर मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. त्या ९६१ माळढोकांनी शास्त्राच्या पदरात तो आकडा टाकला, आणखी काय टाकले? मारणे हे काही क्षणांचे काम. त्यानंतरचे जे तास, त्यांतच संग्रहालय घडते किंवा बिघडते. ते तास कसे जातात ते सविस्तर सांगतो, कारण पुढच्या दाराने येणाऱ्याला ते कधी दिसत नाहीत.

आपल्या माळावरचा साधा चंडोल घ्या. साइक्सच्याच नावाने ओळखला जाणारा एक चंडोल या दख्खनच्या पठारावर आहे. तो बारीक छऱ्याने टिपला, की पहिल्याने चोचीत आणि जखमेत कापसाचे बोळे घालायचे, नाही तर रक्त पिसांवर उतरते. मे महिन्याच्या उन्हात दोन-चार तासांत पोट सडू लागते, म्हणून तंबूत परतताच बसायचे. छातीच्या हाडापासून शेपटीच्या बुडापर्यंत एक चीर. तीतून बोटांनी कातडी सोडवत न्यायची. पाय गुडघ्याशी आतून कापायचे, शेपटीचे मूळ तोडायचे, पंखांची हाडे खांद्याशी सोडवायची, आणि मोजा उलटा काढावा तशी सारी कातडी डोक्यापर्यंत उलटी करायची. चंडोलाची कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी. जोर जास्त लागला की फाटली, आणि एकेक पीस ओघळले. मेंदू आणि डोळे काढून टाकायचे, डोळ्यांच्या खाचांत कापूस. ओल शोषायला लाकडाचा भुसा किंवा मक्याचे पीठ. मग आतल्या अंगाला औषध चोपडून काडीवर गुंडाळलेला कापूस भरायचा, कातडी पुन्हा सुलटी करून चीर शिवायची, पंख मिटवून पाय एकमेकांवर बांधायचे आणि कागदाच्या पट्टीत गुंडाळून सुकत ठेवायचे. संग्रहालयाच्या दर्शनी भागात पक्षी फांदीवर बसलेला दिसतो; मागच्या खणांत मात्र हजारो पक्षी असे उताणे, शिस्तीत, खांद्याला खांदा लावून निजलेले असतात.

उघडे पोट पुन्हा मिटण्यापूर्वी एक काम राहते. पक्षी नर की मादी, हे चंडोलासारख्यांत पिसांवरून कळत नाही. आतल्या इंद्रियांवरून ते त्याच क्षणी पाहून लिहावे लागते. डोळ्याचा रंग, चोचीचा, पायांचा रंग मेल्यावर उडतो, म्हणून तोही लिहायचा. गाव, तारीख, उंची, मापे, जमवणाऱ्याचे नाव. हे सारे बोटभर चिठ्ठीवर मावले पाहिजे आणि ती चिठ्ठी पायाला बांधली गेली पाहिजे. चिठ्ठी सुटली की पक्ष्याची किंमत घरात मांडलेल्या शोभेच्या वस्तूइतकीच. म्हैसूरला व्हॅन इंगेन यांचा वाघबिबळ्यांत पेंढा भरण्याचा मोठा कारखाना होता. कागदाच्या लगद्याचे साचे करून त्यांवर कातडी चढवण्यात त्या कारागिरांचा हातखंडा; १९९९ साली तो बंद होईपर्यंत हजारो जनावरे तिथून राजवाड्यांत आणि बंगल्यांत गेली. दिवाणखान्यातल्या वाघाला मालकाचे नाव पुरते. संग्रहालयाच्या उंदरालासुद्धा गाव आणि तारीख लागते.

वर औषध म्हणालो ते औषध म्हणजे सोमल. अठराव्या शतकात बेकर नावाच्या एका फ्रेंच औषधविक्याने सोमल, कापूर, साबण, चुना आणि पोटॅशचा क्षार यांचे मिश्रण शोधून काढले आणि जन्मभर गुपित राखले. त्याच्या मृत्यूनंतर ते छापले गेले आणि दीडशे वर्षे जगभरची संग्रहालये त्यावर चालली. मुंबईसारख्या दमट गावी, जिथे पावसाळ्यात जोड्यालाही बुरशी येते, तिथे याखेरीज कातडी टिकणेच कठीण होते. किड्यांना सोमल मारतो. माणसालाही तो सोडत नाही. नखांखाली फोड, बोटांच्या चिरांत न भरणाऱ्या जखमा, घसा धरणे हे या धंद्यातल्यांना नवे नव्हते. आमच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने सोमलाची विषबाधा ही कळवण्यास बंधनकारक अशा रोगांच्या यादीत घातली होती. पण संग्रहालयाला कारखाना कोण म्हणणार? तिथला कारागीर कायद्याच्या लेखी कुठेच बसत नव्हता. आज सोमलाऐवजी सौम्य क्षार वापरतात. तरी जुन्या कपाटांतल्या पक्ष्यांना हात लावताना अजून हातमोजे घालावे लागतात, कारण शंभर वर्षांपूर्वी चोपडलेले विष तिथेच आहे.

१९११ साली याच संस्थेने हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. वर्गणीवर चाललेले हे काम महायुद्धाने मध्ये अडले, तरी १९२३ पर्यंत पंचवीस हजारांवर नमुने जमले. आरंभ झाला आपल्या खानदेशापासून. पगारी संग्राहक महिनोन् महिने तंबूत राहत आणि उंदीर, घुशी, वटवाघळे, खारी यांची कातडी संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात काढीत. त्यांपैकी बॅप्टिस्टा यांनी नेपाळातून आणलेल्या संग्रहाचा वृत्तांत शास्त्रीय नियतकालिकात स्वतंत्रपणे छापला आहे. दुसरे प्रेटर. ते पुढे संस्थेचे आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या प्राणिविभागाचे क्युरेटर झाले, आणि स्वतंत्र भारताच्या घटना समितीत अँग्लो-इंडियन समाजाचे सभासद म्हणून बसले. म्युझियमची पायाभरणी १९०५ सालची. महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होते, आणि १९२२ च्या जानेवारीत ते लोकांना खुले झाले. आज त्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो. सालिम अली तिथे १९२६ मध्ये लोकांना प्राणी समजावून सांगण्याच्या नोकरीवर होते. शिक्षणासाठी जर्मनीला जाऊन १९३० साली परत येतात तो ती जागाच पैशाअभावी काढून टाकलेली! कपातीची कुऱ्हाड कोणावर पडते याचे आम्हांला नवल नाही. एवढ्या माणसावरही ती पडली, हे मात्र नमूद करून ठेवतो.

आता या साऱ्या खटाटोपाचे चीज कसे होते, त्याची आमच्या वाचनातली सर्वांत मोठी गोष्ट सांगतो. ती महाराष्ट्रातलीच आहे.

रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. ह्यूमने १८७३ साली त्याचे वर्णन केले. १८८० च्या सुमारास जेम्स डेव्हिडसन हा मुलकी अधिकारी पश्चिम खानदेशात होता. त्याने या पक्ष्याचे अनेक नमुने मिळवले. १८८४ नंतर रानपिंगळा कोणाला मिळाला नाही. अपवाद एकच: कर्नल माइनर्ट्‌झहागेन या नामांकित इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक पक्षी होता, आणि चिठ्ठीवर गाव होते तापीकाठचे मांडवी, साल १९१४. हा कर्नल मोठा माणूस. त्याचा वीस हजार पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने मानाने घेतला. पुढे रानपिंगळा शोधायला निघालेल्यांनी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून गुजरातेत मांडवीकडे पाहिले. पक्षी तिथे नव्हता.

१९९० नंतरच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाई संग्रहालयाचे जुने खण उपसत होत्या. कर्नलचा पक्षी त्यांना विचित्र वाटला. तो एकदा भरून, उसवून, पुन्हा भरल्यासारखा दिसत होता. क्ष-किरणांखाली धरला, तेव्हा आतल्या भरणीत पहिल्या हाताच्या खुणा मिळाल्या. नवा कापूस घालणाऱ्याच्या नजरेतून पंखाच्या सांध्यातला जुना, चरबीने पिवळा पडलेला कापूस निसटला होता. हे धागे अमेरिकेच्या गुन्हे-अन्वेषण खात्याच्या प्रयोगशाळेपर्यंत गेले. निष्कर्ष असा निघाला की हा पक्षी १९१४ सालचा नव्हेच. डेव्हिडसनच्या नमुन्यांतला एक चोरून, उसवून, नवी चिठ्ठी बांधून कर्नलने आपला म्हणून ठेवला होता. असे एकट्या घुबडाचे नव्हे. त्याच्या संग्रहात असे प्रकार अनेक निघाले.

चिठ्ठी खोटी ठरताच मांडवी यादीतून गळाली. आता भरवसा धरायचा तो जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवर. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे डेव्हिडसनच्या मुलखात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले, आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा झाडावर बसलेला सापडला. पुढे तो मेळघाटातही आढळला. कर्नलच्या प्रतिष्ठेला साऱ्या जगाने मान दिला होता. त्याला अडवले ते एका टाक्याने. तो टाका डेव्हिडसनने स्वतः घातला की त्याच्या पदरच्या कोणा माणसाने, हे चिठ्ठीवर लिहिलेले नाही. पण ज्या कोणी घातला त्याच्या हाताला स्वतःची एक ढब होती, आणि शतकानंतर ती साक्षीला उभी राहिली. कारागिराचे हस्ताक्षर असते, असे आम्ही सूतगिरणीतल्या बायांच्या तोंडून ऐकत आलो. गाठ पाहून त्या सांगतात ही कोणाची.

चिठ्ठीच्या बाबतीत थोरामोठ्यांचीही परीक्षा झाली आहे. पेंढा भरण्याची विद्या डार्विनला एडिंबरोत शिकवली ती जॉन एडमनस्टन या गियानातून आलेल्या, गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कारागिराने. डार्विन पैसे देऊन त्याच्याकडे धडे घेई. विद्या चांगली पदरी पडली. पण गॅलॅपॅगसच्या बेटांवर पाखरे जमवताना कोणते पाखरू कोणत्या बेटावरचे, हे डार्विनने सगळ्यांवर लिहून ठेवले नव्हते. इंग्लंडात आल्यावर गूल्ड या पक्षितज्ज्ञाने सांगितले की या चिमण्या वेगवेगळ्या जातींच्या आहेत, तेव्हा बेटांची नावे मिळवायला त्याला जहाजावरच्या इतरांचे, कप्तानाचेसुद्धा, नमुने पाहावे लागले. त्या इतरांनी चिठ्ठ्या बांधल्या होत्या.

जमवलेल्या वस्तूचा उपयोग जमवणाऱ्याला ठाऊक असतोच असे नाही. गेल्या शतकातल्या इंग्लंडात पोरेटोरे आणि रिकामटेकडे श्रीमंत ससाण्यांची अंडी चोरून जमवीत. त्यावर कायद्याने बंदी आली, आणि ती योग्यच होती. तरी १९६७ साली डेरेक रॅटक्लिफ याने हीच जुनी अंडी काट्यावर घातली आणि दाखवून दिले की महायुद्धानंतरच्या अंड्यांची टरफले पातळ झाली आहेत. ससाणे का नाहीसे होत आहेत त्याचे कारण डीडीटीच्या फवाऱ्यापर्यंत जाऊन पोचले. ज्या मुलखात द्राक्षबागेवर आणि डाळिंबावर वर्षात किती फवारे बसतात हे प्रत्येक घराला ठाऊक आहे, त्या आपल्या मुलखात या टरफलांची गोष्ट परकी वाटू नये.

नवे नमुने आता पूर्वीसारखे जमवता येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीवाचून चंडोलही टिपता येत नाही, आणि आपल्या सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातल्या किंवा कडबनवाडीच्या माळावरच्या चिंकाऱ्याकडे बंदूक रोखण्याचे कोणाच्या मनात येऊ नये. त्यामुळे जुन्या खणांची किंमत वाढली आहे, कमी झालेली नाही. मुंबईच्या संस्थेजवळ लाखाहून अधिक नमुने आहेत. त्यांना दर पावसाळ्यात कसर, बुरशी आणि उष्म्यापासून वाचवणे, बरण्यांतला उडालेला मद्यार्क पुन्हा भरणे, नोंदवहीशी एकेक क्रमांक ताडणे, हे काम रोजचे आहे आणि त्याचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून मेलेल्या वन्यप्राण्यांत पेंढा भरण्याचे केंद्र निघाले, तेव्हा या हातांकडे थोडे लक्ष गेले.

नावांचीही रीत हळूहळू बदलते आहे. १९०० नंतर कोणाच्या दृष्टीस न पडलेला जेर्डनचा धाविक पक्षी १९८६ च्या जानेवारीत आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात पुन्हा मिळाला. मुंबईच्या संस्थेचे भारत भूषण तिथे शोध घेत होते. पण रात्री बॅटरीच्या झोतात पक्षी हाताने धरला तो ऐतन्ना या गावच्या शिकाऱ्याने. वृद्ध सालिम अली तो पाहायला धावत गेले. पक्षी जगला नाही. या शोधाची हकीकत सांगताना आज ऐतन्नाचे नाव सगळे घेतात. साइक्सला खुद्री दाखवणाऱ्या भोयाच्या वाट्याला ते आले नव्हते.

आणि भीमा? १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. इंदापूर, करमाळा, दौंडकडची गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर वर येते, ते आपण पाहतोच. भिगवणच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित उतरतात, आणि कुंभारगाव-डिकसळचे मच्छीमार पक्षी पाहणाऱ्यांना होडीतून फिरवून चार पैसे मिळवतात. त्यांच्या जाळ्यात आता मुख्यतः येते ती चिलापी, म्हणजे मूळची आफ्रिकेतली. तुंबलेल्या पाण्यात ती फोफावते. वाहत्या, खडकाळ पाण्यातले मासे हटत गेले. साइक्सचा नुक्टा, ज्याच्या नाकाडावर गाठ असते, तो तर धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत गेला आहे. उद्या एखाद्या होडीवाल्याच्या जाळ्यात गाठीच्या नाकाडाचा मासा आला, तर तो बाजारात जाण्यापूर्वी कोणाला दाखवायचा? पुण्यात १९५९ पासून भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र आहे. तिथे अशा बरणीत चिठ्ठी बाहेर डकवत नाहीत, माशाबरोबर आत टाकतात. आणि ती शिसपेन्सिलीने लिहितात, कारण साधी शाई मद्यार्कात उतरते, शिसे उतरत नाही. गाव, नदी, तारीख आणि मासा आणून देणाऱ्याचे नाव, एवढे त्या चिठ्ठीवर सहज मावते.